ड्युटीवर असताना गाडीचा अपघात झाला, तर नर्सला भरपाई कुठून मिळते?

रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी निघालेली स्टाफ नर्स. रेफर केलेल्या पेशंटसोबत रुग्णवाहिकेत बसलेली सिस्टर. व्हॅक्सिन कॅरियर घेऊन वाडीवस्तीवर निघालेली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका. नर्सिंग ब्युरोने पाठवलेल्या घरी आजारी माणसाची सेवा करायला रिक्षाने जाणारी नर्स. या चौघींना एकाच चौकात एकाच ट्रकने धडक दिली, तरी त्यांच्यासाठी उघडे असलेले कायदेशीर मार्ग सारखे नसतात. कुणाला तीन असतात, कुणाला एकच. काही वेळा एका मार्गाने गेलं की दुसरा बंद होतो, आणि हे बहुतेकींना सही करून झाल्यावर कळतं.

म्हणून सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून ठेवा. अपघातात चूक कुणाची होती, हा पहिला. अपघाताचा कामाशी संबंध होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोटार वाहन कायद्याकडे नेतं आणि पैसे धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यातून येतात. दुसऱ्याचं उत्तर कामगार कायद्याकडे नेतं आणि पैसे मालकाकडून किंवा ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडून येतात. तिथे चूक कुणाची हे जवळजवळ गौण ठरतं. थकलेल्या डोळ्यांवर झापड आली आणि स्कूटर दुभाजकावर गेली, तर समोर दावा करायला दुसरी गाडीच नाही. अशा वेळी कामाशी संबंध दाखवणं हाच खरा आधार उरतो.

घर ते हॉस्पिटल हा रस्ता कामात धरतात का?

पूर्वी मालक आणि विमा कंपन्या हाच मुद्दा पुढे करायच्या: ड्युटी गेटच्या आत सुरू होते, बाहेर काय झालं त्याच्याशी आमचा संबंध नाही. ईएसआय कायद्यात २०१० साली यासाठी खास कलम घातलं गेलं. घरातून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात हा कामातूनच झाला असं मानायचं, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळला पाहिजे. पण ज्यांना ईएसआय नाही त्यांचं काय, हा वाद चालूच होता.

तो वाद सुटला धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणातून. साखर कारखान्यातला एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना साधारण पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अपघात कारखान्याबाहेर झाला होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला आणि सांगितलं की १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातही येण्याजाण्याचा रस्ता धरला जाईल, धागा जुळला की झालं. त्या कुटुंबाला बावीस वर्षं थांबावं लागलं. पाळीच्या वेळेला, नेहमीच्या रस्त्याने, कामावर निघालेला माणूस: रात्रपाळीच्या नर्सचं प्रकरण याहून वेगळं ते काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता तिच्यात आले आहेत, आणि येण्याजाण्याच्या रस्त्याची तरतूद संहितेत स्पष्ट लिहिली आहे. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर प्रकरण जुन्या कायद्याने चालेल, एवढं लक्षात असू द्या.

धागा जुळणं म्हणजे काय, ते व्यवहारात बघा. पाळी सकाळी आठला संपली, हँडओव्हर साडेआठपर्यंत चालला, पावणेनऊला घरच्या रस्त्यावर अपघात झाला, तर फारसा प्रश्न येत नाही. पाळी संपल्यावर मैत्रिणीच्या घरी जाऊन दुपारी परतताना अपघात झाला, तर धागा तुटला असं समोरचा वकील म्हणणार आणि त्यात तथ्यही असेल. एएनएमसाठी फिरती कार्यक्रम आणि दौऱ्याची नोंदवही, रुग्णवाहिकेतल्या सिस्टरसाठी रेफर चिठ्ठी आणि हालचाल नोंदवही, वॉर्डातल्या नर्ससाठी ड्युटी रोस्टर आणि हजेरीचा पंच. त्या दिवशीच्या या कागदांचे फोटो आठवडाभरात काढून घ्या. सहा महिन्यांनी रोस्टर सापडत नाही हे कुठल्याही वॉर्डात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

ईएसआय असेल तर

दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी हॉस्पिटलात तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तुमची ईएसआयमध्ये नोंद असायला हवी. पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते, ती हीच. कामातून झालेल्या दुखापतीसाठी किमान अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतो. उपचार मिळतात, आणि काम करता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के दराने रोखीचा लाभ मिळतो. कायमचं अपंगत्व राहिलं तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते. मृत्यू झाला तर अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम मिळते.

हॉस्पिटलने अपघाताचा अहवाल ईएसआय कार्यालयाला पाठवणं गरजेचं असतं. तो पाठवला का, हे विचारा आणि त्याची प्रत मागा. तोंडी "पाठवलाय" यावर थांबू नका.

इथे एक गंभीर अडचण आहे. ईएसआयचा लाभ घेणाऱ्याला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी कर्मचारी भरपाई मागता येत नाही, हे पक्कं आहे. पण धडक देणाऱ्या परक्या ट्रकच्या विमा कंपनीकडे जाता येतं का? यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत आणि विमा कंपनी हा मुद्दा हमखास काढते. उपचार आणि पगाराचा लाभ थांबवून बसावं असं मी म्हणणार नाही, घरात चूल पेटायला हवी. पण दुखापत मोठी असेल तर कायमच्या अपंगत्वाच्या लाभाचा अर्ज भरण्याआधी मोटार अपघाताची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाशी एकदा बसून बोला.

ईएसआय नसेल तर

मग मालकाची थेट जबाबदारी येते. मालकाची चूक दाखवावी लागत नाही, तुमची थोडी चूक असली तरी दावा बुडत नाही. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, मृत्यूसाठी ५० टक्के. तात्पुरतं काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या पाव हिश्श्याइतकी रक्कम. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पैसे देय झाल्यापासून महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवले तर निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो. दाव्याची मुदत दोन वर्षं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. हिशेबासाठी धरायचा पगार २०२० पासून १५,००० रुपयांवर थांबतो, तुमचा पगार ४०,००० असला तरीही. आणि या तरतुदीला कामांची एक यादी जोडलेली आहे. तुमचं नेमकं काम त्या यादीत बसतं का, यावर पहिली लढाई होऊ शकते. त्यामुळे इथे जाण्याआधी यादी तपासून घ्यायलाच हवी.

"आम्ही तर फक्त काम मिळवून देतो, मालक पेशंटचे नातेवाईक", असं ब्युरोवाले म्हणतात. ड्युटी कोणी लावली, रजा कोणाकडे मागायची, पगार कोणाच्या खात्यातून आला, यावरून मालक ठरतो, ब्युरोच्या बोलण्यावरून नाही. व्हॉट्सॲपवर आलेला "उद्यापासून या पत्त्यावर बारा तास" हा मेसेज पुसू नका. हॉस्पिटलने कंत्राटदारामार्फत नेमलं असेल तर मुख्य मालक म्हणून हॉस्पिटललाही पक्षकार करता येतं. आणि नेमणुकीच्या कागदावर "अपघात झाल्यास संस्था जबाबदार नाही" असं लिहून सही घेतली असली, तरी कायद्याने मिळणारा हक्क अशा सहीने जात नाही.

धडक दुसऱ्याने दिली तर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, बोलताना सगळे एमएसीटी किंवा ट्रिब्युनल म्हणतात, ते यासाठीच. इथे नोकरीचं नातं सिद्ध करायची गरज नाही. सरकारी, खासगी, कंत्राटी, ब्युरोची, कुणीही नर्स येऊ शकते. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे अर्ज करता येतो. समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तुमचीही काही चूक निघाली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. रुग्णवाहिकेत मागे बसलेल्या सिस्टरची चूक असण्याचा प्रश्नच नसतो. दोन गाड्यांची टक्कर असेल तर ती दोन्हींपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते, त्यांनी आपसातला वाटा नंतर ठरवावा.

मात्र ज्या गाडीत तुम्ही बसला होता तिचा विमा कोणता होता हे बघा. खासगी गाडीला किंवा स्कूटरला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आत बसलेल्यांना किंवा मागच्या सीटवरच्याला तो सहसा लागू होत नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी लागू होते. रुग्णवाहिकेच्या बाबतीत पॉलिसीची पहिली दोन पानं पुरत नाहीत, पूर्ण प्रत मागवा.

आता कायद्यातली महत्त्वाची अट. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ सांगतं की एकाच अपघातासाठी मोटार वाहन कायद्याखाली किंवा कर्मचारी भरपाईखाली, यांपैकी एकाच ठिकाणी दावा करता येतो. दोन्हीकडे नाही. म्हणून निवड आधी करायची.

निवडीने किती फरक पडतो ते एका काल्पनिक उदाहरणातून दाखवते. वय ३२, कायम नोकरी, पगार ३०,०००. डॉक्टरांनी कायमचं अपंगत्व २० टक्के लिहिलं. ट्रिब्युनलमध्ये २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या पगारात भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवतात, म्हणजे ४५,०००. वर्षाचे ५,४०,०००. ३१ ते ३५ वयासाठी १६ ने गुणायचं, म्हणजे ८६,४०,०००. त्याचे २० टक्के १७,२८,०००. त्यावर उपचाराचा खर्च, वेदनांसाठीची रक्कम, बुडालेला पगार आणि व्याज वेगळं. कंत्राटी नर्स असेल तर वाढ ५० ऐवजी ४० टक्के धरतात आणि तोच आकडा १६,१२,८०० होतो. कर्मचारी भरपाईत मात्र १५,००० चे ६० टक्के गुणिले या वयाचा आकडा २०३.८५, त्याचे २० टक्के, म्हणजे जेमतेम ३,६७,००० च्या आसपास. दुसऱ्याची चूक स्पष्ट असेल आणि त्या गाडीला विमा असेल, तर माझ्या मते ट्रिब्युनलचाच रस्ता धरावा. चूक आपलीच असेल किंवा धडक देणारा सापडलाच नसेल, तर उलट.

या हिशेबातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ते २० टक्के आहेत आणि बहुतेकींचं नुकसान नेमकं इथेच होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी जशीच्या तशी उचलायची नाही. त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. उजव्या मनगटाची हालचाल अर्ध्यावर आली तर टेबलावर बसून काम करणाऱ्याचं कदाचित भागेल. नर्सला त्याच मनगटाने आयव्ही लावायची असते, अँप्युल फोडायची असते, सीपीआर द्यायचा असतो. कंबरेच्या मणक्याला मार बसलेली नर्स पेशंटला कूस बदलून देऊ शकत नाही, बारा तास उभी राहू शकत नाही. न्यायाधीशांना हे आपोआप कळेल असं धरून चालू नका. वॉर्डातल्या एका पाळीत काय काय करावं लागतं ते साक्षीत क्रमाने सांगा. हॉस्पिटलने हलकं काम दिलं असेल, आयसीयूतून ओपीडीत बदली केली असेल, नाइट भत्ता गेला असेल, तर ते आदेश जोडा. न्यायालयाला पटलं आणि कमाईची हानी २० ऐवजी ४० टक्के धरली, तर वरचे १७,२८,००० थेट ३४,५६,००० होतात. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं, हे वकिलाला आठवणीने सांगा.

उपचार मेडिक्लेममधून झाले म्हणून तेवढी रक्कम भरपाईतून वजा होणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं. खर्ची पडलेली अर्जित रजासुद्धा नुकसान म्हणून मांडा.

मुदतीबद्दल घाई करा. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ट्रिब्युनलमध्ये अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. प्लास्टर निघेपर्यंत सहज तीन महिने जातात.

निष्काळजीपणा सिद्ध न करता ठरावीक रक्कम घेण्याचीही सोय आहे, कलम १६४: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. ती ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून दुखापत कायमची असेल तर विमा कंपनीच्या माणसाने हॉस्पिटलात आणलेल्या कागदावर सही करू नका. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर होतो. रक्कम तुटपुंजी आहे, तरी सोडू नये. आणि २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात.

स्वतःची स्कूटर स्वतःच्या चुकीने घसरली, तर गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच बघा. ते मृत्यू आणि अवयव किंवा दृष्टी गमावण्यासारख्या मोठ्या हानीसाठीच असतं, मोडलेल्या हाताला त्यातून काही मिळत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. सरकारी सेवेतल्या नर्सनी महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांतली विशेष विकलांगता रजा मागावी, म्हणजे कर्तव्यावरच्या दुखापतीपायी स्वतःची रजा संपत नाही.

आपल्याच हॉस्पिटलात दाखल होण्याचा तोटा

हे मला मनापासून सांगायचं आहे. नर्सला अपघात झाला की सहकारी तिला आपल्याच हॉस्पिटलात आणतात. कॅज्युअल्टीत सगळे ओळखीचे. "आपलीच सिस्टर आहे, एमएलसी कशाला, पोलिसांची कटकट नको", असं प्रेमापोटी ठरतं. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची हॉस्पिटलची नोंद. बिल माफ होतं किंवा तोंडी सवलत मिळते. केस पेपरवर घाईत "गाडीवरून पडून मार" एवढंच लिहिलं जातं. यातला प्रत्येक चांगुलपणा पुढे तिच्याच विरोधात जातो. एमएलसी नाही म्हणून पोलिसांत नोंद उशिरा होते, बिल नाही म्हणून खर्च सिद्ध होत नाही, आणि "पडून मार" या दोन शब्दांवर विमा कंपनीचा वकील सांगतो की ट्रकने धडक दिलीच नव्हती, बाई स्वतः घसरली.

हिस्टरीत हे हवं: किती वाजता, कुठे, कुठली गाडी कुठल्या बाजूने आली, नंबर दिसला असेल तर तो, आणि ड्युटीवर जाताना, येताना की ड्युटीवरच. तुम्ही शुद्धीत नसाल तर सोबतच्या सहकारीने हे लिहून घ्यावं. सवलत मिळाली तरी पूर्ण बिल आणि त्यावरची सवलत असं दोन्ही छापून घ्या. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागा. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तो ट्रिब्युनलकडे जातो, आणि त्यात तुमचा व्यवसाय "गृहिणी" असा चुकून लागला असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

वकिलाच्या खर्चाला घाबरून बऱ्याचजणी पाऊल उचलत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. खासगी वकील लावलात तर "मिळेल त्याच्या इतके टक्के" असा करार करू नका, बार कौन्सिलच्या नियमांनाच तो मान्य नाही. फी ठरवून, पावती घेऊन द्या. लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला तर तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा ऐकून लगेच मान डोलावू नका. शेवटची शस्त्रक्रिया झाली आहे का, प्लेट काढायची राहिली आहे का, अपंगत्वाचा दाखला हातात आला आहे का, हे आधी बघा. ट्रिब्युनलचा निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस असतात.